प्रतिजैविकांचे वर्ग : नाव, लक्ष्य आणि उपयोग (डहाणू-तलासरी परिसराच्या अनुषंगाने)

१. प्रास्ताविक

पालघर जिल्ह्याच्या उत्तर टोकास असलेल्या डहाणू आणि तलासरी या दोन तालुक्यांत भाताची लावणी भरात आली की त्याच सुमारास दवाखान्यांतून तापाचे रुग्णही वाढू लागतात. ताप, थंडी, अंगदुखी, डोकेदुखी, क्वचित ओकारी अशीच लक्षणे बहुतेकांची असतात. परंतु त्यांच्यामागील कारणे एक नसतात. हिवताप हा डासावाटे शिरणाऱ्या परोपजीवीचा रोग होय. डेंग्यू हा विषाणूचा. लेप्टोस्पायरोसिस, स्क्रब टायफस आणि विषमज्वर म्हणजेच टायफॉइड हे तिन्ही जिवाणूंचे रोग असले, तरी ते जिवाणू परस्परांहून इतके भिन्न आहेत की एकावर गुणकारी ठरणारे औषध दुसऱ्यावर निष्फळ ठरू शकते. पहिल्या दोन-तीन दिवसांत केवळ लक्षणांवरून यांतील भेद ओळखणे अनुभवी डॉक्टरांनाही अवघड जाते.

अशा वेळी लोकव्यवहारात औषधांचे जे वर्गीकरण रूढ झालेले दिसते ते मात्र फार सोपे आहे. एक ‘साधी’ गोळी आणि दुसरी ‘जास्त पॉवरची’ गोळी. साध्या गोळीने ताप उतरला नाही म्हणजे जास्त पॉवरची घ्यावी, तिनेही न उतरल्यास सुई टोचून घ्यावी, असा हा क्रम होय. या समजुतीच्या मुळाशी एक गृहीतक आहे : सर्व प्रतिजैविके एकाच शिडीच्या खालच्या-वरच्या पायऱ्या आहेत, आणि त्यांच्यात भेद असेल तर तो फक्त जोराचा आहे. हे गृहीतक खेडुतांपुरते मर्यादित आहे असे मात्र नाही. शहरातील सुशिक्षित कुटुंबांतही ते तितकेच दृढमूल आहे.

वस्तुस्थिती याहून निराळी आहे. कोयता आणि फावडे यांत अधिक जोरदार कोणते, हा प्रश्न जसा निरर्थक, तसाच पेनिसिलिन आणि डॉक्सिसायक्लिन यांत अधिक जोरदार कोणते हाही निरर्थक होय. प्रतिजैविकांचे वर्ग पडतात ते त्यांच्या बळावरून पडत नाहीत. जिवाणूच्या कोणत्या अवयवावर ते घाव घालतात, यावरून पडतात. हा भेद स्पष्ट करणे, औषधांच्या नावांतून तो कितपत कळू शकतो याचा विचार करणे आणि डहाणू-तलासरीसारख्या परिसरात त्याचे व्यावहारिक महत्त्व काय हे दाखविणे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२. संज्ञेचा अर्थ

‘प्रतिजैविक’ हा शब्द पाश्चात्त्य संज्ञेचे घटकशः केलेले रूपांतर आहे. ‘प्रति’ म्हणजे विरुद्ध आणि ‘जैविक’ म्हणजे जीवासंबंधी. सेल्मन वॅक्समन यांनी १९४२ च्या सुमारास ही संज्ञा रूढ केली तेव्हा तिचा अर्थ काटेकोर होता : एका सूक्ष्मजीवाने निर्माण केलेला आणि दुसऱ्या सूक्ष्मजीवाची वाढ रोखणारा किंवा त्याचा नाश करणारा पदार्थ. अलेक्झांडर फ्लेमिंग यांना १९२८ मध्ये आढळलेले पेनिसिलिन बुरशीपासून निघाले. ॲल्बर्ट शाट्झ यांनी वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत १९४३ मध्ये वेगळे केलेले स्ट्रेप्टोमायसिन मातीतील एका जिवाणूपासून निघाले. ही दोन्ही मूळ अर्थाने प्रतिजैविके होत.

या काटेकोर अर्थाने पाहिल्यास सल्फा औषधे प्रतिजैविके ठरत नाहीत, कारण ती रसायनशाळेत जन्मली. गेर्हार्ड डोमाक यांनी १९३५ मध्ये प्रसिद्ध केलेले प्रॉन्टोसिल हे मूळचे एक रंगद्रव्य. सिप्रोफ्लॉक्सासिन ज्या क्विनोलोन वर्गात मोडते त्या वर्गाचा आरंभही १९६२ मध्ये नॅलिडिक्सिक आम्लाने झाला, आणि हे आम्ल हिवतापावरील क्लोरोक्विन तयार करताना निघालेल्या एका उपपदार्थावरून सुचले होते. आज ‘प्रतिजैविक’ या शब्दाचा अर्थविस्तार झाला असून जिवाणूंवर चालणारे कोणतेही औषध, मग ते निसर्गनिर्मित असो वा संश्लेषित, या शब्दाने ओळखले जाते. हा विस्तार स्वीकारण्यास हरकत नाही. मात्र शब्दातील ‘जैविक’ या घटकामुळे ही औषधे सर्वच सूक्ष्मजीवांवर चालतात असा जो ग्रह होतो, तो सोडून दिला पाहिजे. विषाणूवर प्रतिजैविकाचा काहीही परिणाम होत नाही, कारण ज्या अवयवांवर ते घाव घालते ते अवयवच विषाणूस नसतात. डेंग्यूच्या रुग्णास प्रतिजैविक देऊन डेंग्यू बरा होत नाही, तो याच कारणाने.

३. घाव कोठे बसतो

जिवाणूस मारावयाचे आणि रुग्णास वाचवावयाचे, तर जिवाणूत असलेले परंतु मानवी पेशीत नसलेले किंवा तेथे निराळ्या घडणीचे असलेले असे काही तरी शोधावे लागते. अशी प्रमुख स्थाने पाच आहेत.

पहिले स्थान पेशीभित्तीचे. बहुतेक जिवाणूंभोवती शर्करा आणि अमिनो आम्ले यांच्या साखळ्यांची विणलेली एक मजबूत जाळी असते. बाजेची वीण ज्याप्रमाणे उभ्या-आडव्या दोऱ्यांच्या गाठींमुळे ताठ राहते, त्याप्रमाणे ही जाळी आडव्या बंधांमुळे ताठ राहते. पेनिसिलिन, ॲमॉक्सिसिलिन, सेफ्ट्रायॅक्झोन, मेरोपेनेम ही बीटा-लॅक्टम वर्गातील औषधे हे आडवे बंध बांधणाऱ्या विकरास, म्हणजेच एन्झाइमला, निकामी करतात. भित्ती दुबळी होते आणि आतील दाबाने जिवाणू फुटतो. व्हॅन्कोमायसिन हेही भित्तीचेच काम अडविते, परंतु ते विकरास न धरता ज्या तुकड्यांची गाठ मारावयाची त्या तुकड्यांनाच जाऊन चिकटते. मानवी पेशीस भित्ती नसल्यामुळे पेनिसिलिनचा माणसास होणारा उपद्रव, ॲलर्जीचा अपवाद वगळता, अत्यल्प असतो. ज्या जिवाणूस मुळातच भित्ती नाही, उदाहरणार्थ मायकोप्लाझ्मा, त्यावर मात्र पेनिसिलिनची कितीही मात्रा व्यर्थ होय.

दुसरे स्थान रायबोसोमचे. प्रथिने घडविण्याचे हे यंत्र मानवी पेशीतही असते, परंतु जिवाणूचे यंत्र घडणीने वेगळे आणि लहान असते. त्याचे दोन भाग आहेत. लहान भागावर स्ट्रेप्टोमायसिन, जेंटामायसिन ही अमिनोग्लायकोसाइड वर्गातील औषधे आणि डॉक्सिसायक्लिनसारखी टेट्रासायक्लिने आपापल्या परीने बसतात. पहिली यंत्रास चुकीची प्रथिने घडविण्यास लावतात, दुसरी अमिनो आम्ले घेऊन येणाऱ्या रेणूंची वाट अडवितात. मोठ्या भागावर एरिथ्रोमायसिन, अझिथ्रोमायसिन ही मॅक्रोलाइडे तसेच क्लोरॅम्फेनिकॉल आणि लिनेझोलिड ही काम करतात. टेट्रासायक्लिन वर्गातील आद्य औषध ऑरिओमायसिन हे बेंजामिन डग्गर यांनी शोधले आणि १९४८ मध्ये ते जगापुढे आले. ज्या लेडर्ली प्रयोगशाळेत हे काम झाले तेथील संशोधनाचे नेतृत्व आंध्रातून अमेरिकेस गेलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्याकडे होते.

तिसरे स्थान आनुवंशिक लेखाचे. क्विनोलोन वर्गातील औषधे डीएनएचा पीळ सोडविणाऱ्या व पुन्हा जोडणाऱ्या विकरांस अडवून धरतात, त्यामुळे डीएनएचे धागे तुटतात. रिफॅम्पिसिन डीएनएवरून आरएनएची नक्कल उतरविणाऱ्या विकरास बांधते. मेट्रोनिडॅझोल हे मूळ रूपात निरुपद्रवी असते. प्राणवायूविना जगणाऱ्या जिवाणूंत व काही परोपजीवींत गेल्यावरच त्याचे विषारी रूपात परिवर्तन होते आणि ते डीएनएची हानी करते.

चौथे स्थान फोलिक आम्लाच्या निर्मितीचे. माणूस हे द्रव्य अन्नातून मिळवितो. बहुतेक जिवाणूंना ते स्वतः घडवावे लागते. सल्फा औषधे आणि ट्रायमेथोप्रिम या निर्मितीच्या दोन निरनिराळ्या पायऱ्या अडवितात, म्हणून दोहोंचे मिश्रण अधिक परिणामकारक ठरते. कुष्ठरोगावरील डॅप्सोन हेही याच वाटेवर काम करते.

पाचवे स्थान पेशीपटलाचे. कोलिस्टिन हे काही विशिष्ट जिवाणूंच्या बाह्य पटलास छिन्नविच्छिन्न करते. मानवी पेशीसही पटल असल्यामुळे या औषधाचा मूत्रपिंडास अपाय होण्याचा संभव अधिक. म्हणूनच ते अखेरचा उपाय म्हणून राखून ठेवावे लागते. कोंबड्या व इतर खाद्य प्राण्यांसाठी त्याचा वापर भारत शासनाने २०१९ मध्ये बंद केला, तो याच दृष्टीने.

४. नावे काय सांगतात

प्रतिजैविकांची नावे दिसावयास विचित्र असली तरी स्वैर नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने १९५० च्या दशकात औषधांच्या आंतरराष्ट्रीय मूळ नावांची व्यवस्था सुरू केली आणि विशिष्ट वर्गांस विशिष्ट प्रत्यय वा उपसर्ग ठरवून दिले. ‘-सिलिन’ हा अंत्यघटक दिसला की औषध पेनिसिलिन कुळातील. ‘सेफ-’ हा आद्यघटक दिसला की सेफॅलोस्पोरिन. ‘-सायक्लिन’ म्हणजे टेट्रासायक्लिन. ‘-फ्लॉक्सासिन’ म्हणजे फ्लुओरोक्विनोलोन. ‘-पेनेम’ म्हणजे कार्बापेनेम. भाषाशास्त्राच्या दृष्टीने ‘-सिलिन’ची कथा मनोरंजक आहे. पेनिसिलिन हे नाव पेनिसिलियम या बुरशीवरून आले आणि बुरशीचे नाव कुंचला या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून. मूळ शब्दात ‘सिलिन’ असा स्वतंत्र घटक नव्हताच. नवी औषधे निघू लागल्यावर शब्दाचा शेवटचा तुकडा तोडून तो ॲम्पिसिलिन, क्लॉक्सासिलिन अशा नावांना जोडण्यात आला आणि अर्थहीन तुकड्यास प्रत्ययाचे स्थान मिळाले.

‘-मायसिन’ हा प्रत्यय मात्र फसवा आहे. तो बुरशी या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आला. स्ट्रेप्टोमायसिस या जिवाणूंचे धागे बुरशीसारखे दिसत, म्हणून त्यांना ते नाव पडले, आणि त्यांच्यापासून निघालेल्या औषधांना ‘-मायसिन’ हा प्रत्यय लागला. म्हणजे हा प्रत्यय औषधाचे जन्मस्थान सांगतो, लक्ष्य सांगत नाही. स्ट्रेप्टोमायसिन रायबोसोमच्या लहान भागावर चालते, एरिथ्रोमायसिन मोठ्या भागावर, व्हॅन्कोमायसिन पेशीभित्तीवर. नावाचा शेवट मात्र तिघांचा एकच. महाराष्ट्राच्या वाचकास जवळचे उदाहरण पिंपरीचे आहे. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने १९५४ मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सरकारी कारखान्यात १९५५ पासून पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. तेथील संशोधनशाखेत मं. ज. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकाच्या आरंभी हॅमायसिन हे औषध शोधले. ज्या सूक्ष्मजीवापासून ते निघाले त्याच्या शास्त्रीय नावात ‘पिंप्रिना’ असा पिंपरीचा निर्देश आहे. परंतु हॅमायसिन जिवाणूंवर चालतच नाही; ते बुरशीच्या पेशीपटलावर चालणारे औषध होय. प्रत्यय एक असूनही रोगकारकाचा प्रकारच बदलला.

याहून सूक्ष्म भेद जेंटामायसिनच्या बाबतीत आहे. ते स्ट्रेप्टोमायसिसपासून न निघता मायक्रोमोनोस्पोरा या निराळ्या जिवाणूपासून निघाले, म्हणून रोमन लिपीत त्याच्या प्रत्ययातील स्वराचे अक्षर मुद्दाम वेगळे ठेवले आहे. देवनागरीत उच्चारानुसार लिहिताना हा भेद सामान्यतः लोपतो. लिप्यंतर निर्दोष असूनही माहिती गळून जाते, याचे हे लहानसे उदाहरण होय. आणि सर्वच नावे व्यवस्थेने ठरतात असेही नाही. रिफॅम्पिसिनच्या मूळ द्रव्याचा शोध १९५७ मध्ये मिलान येथील संशोधकांना फ्रान्समधून आणलेल्या मातीच्या नमुन्यात लागला, आणि त्या काळी गाजत असलेल्या ‘रिफिफी’ या फ्रेंच चित्रपटावरून त्यांनी त्यास गमतीने टोपणनाव दिले. तेच पुढे शास्त्रात रूढ झाले.

व्यवहारात खरी अडचण मूळ नावांची नसून व्यापारी नावांची आहे. वेष्टनावर ठळक दिसते ते व्यापारी नाव, आणि त्यावरून वर्गाचा बोध होत नाही. एकाच औषधाची दोन व्यापारी नावे असली म्हणजे ‘हे लागू पडले नाही, दुसरे द्या’ असे सांगणारा रुग्ण पुष्कळदा तेच औषध पुन्हा घेत असतो. उलटपक्षी, ज्यास पेनिसिलिनची तीव्र ॲलर्जी एकदा झाली आहे त्यास ॲमॉक्सिसिलिन निराळ्या नावाने दिले गेल्यास प्राणावर बेतू शकते. डहाणू-तलासरीत ही अडचण अधिक बिकट होते. येथे वारली, कोकणा, धोडिया, काथोडी, मल्हार कोळी, दुबळा अशा समाजांच्या बोली नांदतात. किनाऱ्यावर मांगेली बोली आहे. सीमेलगत गुजराती ऐकू येते. चिठ्ठी इंग्रजीत, वेष्टन रोमन लिपीत, तोंडी सूचना प्रमाण मराठीत किंवा हिंदीत, आणि घरी जाऊन ती सांगावयाची वारलीत, असा औषधाच्या नावाचा प्रवास होतो. प्रत्येक टप्प्यावर काही तरी गळते. अखेर उरतो तो गोळीचा रंग आणि ‘पॉवर’ हा शब्द. २०१६ पासून केंद्र शासनाने वेष्टनावरील उभ्या तांबड्या रेघेचा अर्थ लोकांस समजावून देण्याची मोहीम हाती घेतली. अक्षरओळख नसलेल्यासही कळावे असे हे चिन्ह आहे. परंतु ते ‘चिठ्ठीविना घेऊ नये’ एवढेच सांगते, औषध कोणत्या वर्गाचे हे सांगत नाही.

५. पावसाळी ज्वर : एक लक्षण, अनेक लक्ष्ये

आता आरंभीच्या तापाकडे वळता येईल. लेप्टोस्पायराचे जिवाणू उंदीर, गुरे इत्यादींच्या मूत्रावाटे खाचरातील पाण्यात मिसळतात आणि चिखलात अनवाणी राबणाऱ्याच्या पायावरील भेगांतून शरीरात शिरतात. ते रक्तात व ऊतकांत मोकळे फिरतात, त्यांना पेशीभित्ती असते. म्हणून पेनिसिलिन आणि सेफ्ट्रायॅक्झोन त्यांच्यावर चालतात, डॉक्सिसायक्लिनही चालते.

स्क्रब टायफसचा जिवाणू झुडपांत व उंच गवतात राहणाऱ्या अतिसूक्ष्म किड्यांच्या डिंभकांच्या चाव्यातून येतो. चाव्याच्या जागी कधी कधी काळी खपली धरते. ती काखेत, जांघेत अशा आडबाजूस असल्यामुळे मुद्दाम पाहिल्याशिवाय दिसत नाही. हा जिवाणू मानवी पेशींच्या आत शिरून वाढतो, आणि त्याची भित्तीही अत्यंत क्षीण असते. पेनिसिलिन व सेफॅलोस्पोरिन वर्गांची औषधे येथे निष्फळ ठरतात. डॉक्सिसायक्लिन आणि अझिथ्रोमायसिन मात्र पेशीच्या आत शिरून रायबोसोमवर घाव घालतात आणि बहुधा एक-दोन दिवसांत ताप उतरतो. रोग गंभीर अवस्थेस गेल्यास ही दोन्ही औषधे शिरेवाटे एकत्र देणे त्यांतील कोणतेही एकच देण्यापेक्षा अधिक हितावह असते, असे भारतातील रुग्णालयांत झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आढळले. एकाच रायबोसोमच्या दोन भागांवर एकाच वेळी घाव, हे त्यामागील तत्त्व होय.

विषमज्वराची स्थिती तिसरी. दूषित पाण्यावाटे येणाऱ्या या जिवाणूवर १९४८ पासून क्लोरॅम्फेनिकॉल हे प्रभावी औषध होते. १९७२ मध्ये केरळात त्यास न जुमानणारे जिवाणू मोठ्या प्रमाणावर आढळले. पुढे क्विनोलोनांचा काळ आला आणि भारतात त्यांचाही प्रभाव ओसरला. आज सेफ्ट्रायॅक्झोन व अझिथ्रोमायसिन यांवर मुख्य भिस्त आहे.

या तिहींची तुलना केल्यास ‘पॉवर’ या कल्पनेची निरर्थकता आपोआप दिसून येते. सेफ्ट्रायॅक्झोन हे इंजेक्शन महाग व ‘जोरदार’ मानले जाते. विषमज्वरात व लेप्टोस्पायरोसिसमध्ये ते उपयुक्त. परंतु स्क्रब टायफसचा रुग्ण त्यावर दिवसेंदिवस खालावत जातो, आणि स्वस्त, जुनी, ‘साधी’ समजली जाणारी डॉक्सिसायक्लिनची गोळी त्यास वाचविते. तापात रक्ताची तपासणी आणि अंगावरील खपलीचा शोध यांचे महत्त्व म्हणूनच औषधाइतके आहे. डहाणू येथे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे ग्रामीण आरोग्य संशोधन केंद्र आहे. डहाणू व कासा येथे उपजिल्हा रुग्णालये आणि तलासरीस ग्रामीण रुग्णालय आहे. पाड्यावरचा रुग्ण तेथवर पोहोचण्यापूर्वी त्याच्या पोटात किती वर्गांची औषधे गेली आहेत, यावर निदानाची अर्धी स्पष्टता अवलंबून असते.

६. क्षय : अनेक लक्ष्यांवर एकाच वेळी

क्षयरोगात वर्गांच्या भेदाचे तत्त्व सर्वांत कठोरपणे पाळावे लागते. या जिवाणूची भित्ती मेणासारख्या द्रव्यांनी जाड झालेली असते आणि त्याची वाढ अतिशय संथ असते. फुप्फुसातील एका पोकळीत कोट्यवधी जिवाणू असू शकतात. त्यांच्यात आयसोनियाझिडला न जुमानणारा जिवाणू उत्परिवर्तनाने सुमारे दहा लाखांत एक या प्रमाणात आपोआप उपजतो. रिफॅम्पिसिनला न जुमानणारा सुमारे दहा कोटींत एक. एकच औषध दिल्यास बाकीचे मरतात आणि हे मोजके उरून पुन्हा वाढतात. दोन्ही औषधे एकत्र दिल्यास दोहोंना न जुमानणारा जिवाणू उपजण्याची शक्यता दोन प्रमाणांच्या गुणाकाराइतकी, म्हणजे जवळजवळ नगण्य होते. बहुऔषधी उपचारामागील गणित ते हेच.

म्हणून नेहमीच्या उपचारात पहिले दोन महिने आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन, पायराझिनामाइड व एथॅम्ब्युटॉल अशी चार आणि पुढील चार महिने त्यांतील पायराझिनामाइड वगळून तीन औषधे दिली जातात. आयसोनियाझिड मेणद्रव्याची घडण अडविते, एथॅम्ब्युटॉल भित्तीतील शर्करासाखळीची, रिफॅम्पिसिन आरएनएची. रिफॅम्पिसिनने लघवीस तांबूस-नारिंगी रंग येतो. हे आधी न सांगितल्यास रक्त पडते आहे असे वाटून रुग्ण भयाने औषध सोडतो. एका वाक्याच्या अभावी सहा महिन्यांचा उपचार वाया जातो.

हे औषध घरी राहून घेतले तरी चालते, हे ज्ञान भारतातूनच जगास मिळाले. १९५६ मध्ये मद्रास येथे स्थापन झालेल्या क्षयरोग उपचार केंद्राने गरीब वस्तीतील रुग्णांस घरी आणि आरोग्यधामात ठेवून तुलना केली. १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार दोहोंतील गुण जवळजवळ सारखाच होता. परंतु घर एका जागी असावे, हे त्यात गृहीत आहे. डहाणू-तलासरीतील अनेक कुटुंबे दिवाळीनंतर कामासाठी बाहेर पडतात. कोणी वीटभट्ट्यांवर जातात, कोणी गुजरातेतील कारखान्यांत, कोणी सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर मासेमारी बोटींवर खलाशी म्हणून. सहा महिन्यांचा उपचार आणि सहा-सात महिन्यांचे स्थलांतर यांची गाठ पडते, तेव्हा औषधाच्या वर्गाइतकेच महत्त्व त्याच्या सातत्यास येते. राज्याची सीमा ओलांडताना रुग्णाचा कागद आणि औषध ही दोन्ही त्याच्याबरोबर गेली नाहीत, तर बरा होऊ शकणारा क्षय दुर्दम्य क्षयात परिणत होतो.

येथेच एका चुकीच्या वापराचा उल्लेख आवश्यक आहे. दीर्घकाळच्या खोकल्यावर तपासणी न करता लेव्होफ्लॉक्सासिनसारखे क्विनोलोन देण्याची पद्धत आढळते. ते क्षयाच्या जिवाणूवरही अंशतः चालते. रुग्णास तात्पुरता आराम पडतो, थुंकीतील जिवाणू काही काळ दिसेनासे होतात, निदान लांबते. दुर्दम्य क्षयासाठी जे औषध राखून ठेवावयाचे तेच आधीच बोथट होऊन बसते.

७. शरीराचा विचार

औषध आणि जिवाणू यांच्याबरोबर तिसरा विचार शरीराचा. ठाणे-पालघरच्या आदिवासी समाजांत सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार आढळतो. या विकाराच्या बालकांची प्लीहा, म्हणजे पाणथरी, लहान वयातच निकामी होऊ लागते आणि न्यूमोकॉकस या जिवाणूचा संसर्ग काही तासांत प्राणघातक ठरू शकतो. अशा बालकांना दिवसातून दोनदा तोंडावाटे पेनिसिलिन दिल्यास या संसर्गाचे प्रमाण ८४ टक्क्यांनी घटते, असे १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील चाचणीत सिद्ध झाले. पेनिसिलिन हे साऱ्या वर्गांतील जुने, स्वस्त आणि लोकदृष्ट्या ‘कमी पॉवरचे’ औषध. परंतु पाच वर्षांच्या आतील या बालकांसाठी त्याची जागा दुसरे कोणतेही ‘जोरदार’ औषध सहज घेऊ शकत नाही. २०२३ च्या जुलैमध्ये केंद्र शासनाने सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू केली. तपासणीनंतर निदान झालेल्या बालकाच्या घरी हे साधे औषध अखंड पोहोचणे, यात तिच्या यशाचा मोठा भाग आहे.

याच समाजांत जी-सिक्स-पीडी या विकराची जन्मजात उणीवही आढळते. अशा व्यक्तीस डॅप्सोन, काही सल्फा औषधे, मूत्रमार्गाच्या संसर्गावरील नायट्रोफ्युरँटोइन किंवा हिवतापावरील प्रायमाक्विन दिल्यास तांबड्या रक्तपेशी फुटू लागतात. कुष्ठरोगावर १९८२ पासून जगभर रूढ झालेल्या बहुऔषधी उपचारात डॅप्सोन आहे, त्यामुळे ही दक्षता केवळ पुस्तकी नव्हे. टेट्रासायक्लिने वाढत्या वयात दातांवर डाग पाडतात आणि गरोदरपणात टाळावी लागतात. अमिनोग्लायकोसाइडे कान व मूत्रपिंड यांस जपून द्यावी लागतात. जिवाणू एकच असला तरी त्यासाठी निवडावयाचा वर्ग शरीरागणिक बदलतो.

८. समारोप

जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये प्रतिजैविकांची जी तीन गटांत विभागणी केली तिच्यामागे हीच दृष्टी आहे. पहिला गट सर्वत्र सहज उपलब्ध असावा अशा औषधांचा. त्यात ॲमॉक्सिसिलिन, डॉक्सिसायक्लिन, तोंडावाटे द्यावयाचे पेनिसिलिन, जेंटामायसिन ही आहेत. दुसरा गट निगराणीखाली वापरावयाचा; अझिथ्रोमायसिन, सेफ्ट्रायॅक्झोन, सिप्रोफ्लॉक्सासिन त्यात मोडतात. तिसरा गट राखीव. कोलिस्टिन व लिनेझोलिड त्यातील होत. मानवी वापरातील प्रतिजैविकांपैकी किमान ७० टक्के पहिल्या गटातील असावीत, असे उद्दिष्ट संयुक्त राष्ट्रसंघाच्या २०२४ च्या बैठकीत २०३० सालासाठी ठरले. भारतात २०१३ च्या अधिसूचनेने अनेक प्रतिजैविके ‘एच-१’ या अनुसूचीत घालण्यात आली असून त्यांची विक्री रुग्ण व डॉक्टर यांच्या नावांसह नोंदवहीत लिहून ती नोंद तीन वर्षे ठेवणे दुकानदारावर बंधनकारक आहे.

राखीव गट हा ‘जास्त पॉवरचा’ गट नव्हे, हे येथे पुन्हा सांगणे अगत्याचे आहे. तो राखीव असतो तो अन्य वाटा बंद झाल्यावर उपयोगी पडावा म्हणून, आणि पुष्कळदा तो पहिल्या गटाहून अधिक अपायकारक असतो. जिवाणू प्रतिकार करू लागतो तेव्हा तो ‘बलवान’ होतो असेही नाही. तो औषध फोडणारे विकर तयार करतो, लक्ष्याची घडण बदलतो, औषध बाहेर उपसून टाकतो किंवा आत शिरण्याची वाट बंद करतो. यांतील काही युक्त्या त्या त्या वर्गापुरत्या असतात. एका वर्गाचा बेजबाबदार वापर त्याच वर्गातील सर्व औषधांस एकदम निरुपयोगी करू शकतो.

यावरून निष्पन्न होणारी व्यावहारिक गोष्ट लहान आहे. रुग्णाच्या हाती पडणाऱ्या कागदावर औषधाचे मूळ नाव, त्याचा वर्ग आणि ते किती दिवस घ्यावयाचे, एवढे तीन तपशील देवनागरीत स्वच्छ लिहिलेले असावेत; आणि पाड्यावर जाणाऱ्या आशा कार्यकर्तीस ते तिच्या बोलीत सांगता यावेत. वर्गांची नावे अवघड वाटली तर ‘भिंतीचे औषध’, ‘प्रथिनयंत्राचे औषध’ अशी लक्ष्यावरून ओळख देण्यासही हरकत नाही. कासा किंवा तलासरीच्या रुग्णालयात नव्याने आलेल्या डॉक्टरास त्या कागदावरून आधी कोणत्या लक्ष्यावर घाव घालून झाला हे कळेल, आणि पुढचा घाव त्याच ठिकाणी पुन्हा न घालता योग्य ठिकाणी घालता येईल. शब्दांच्या अभ्यासकांनी हाती घ्यावे असे हे काम आहे. त्यासाठी वारली, कोकणा, मांगेली या बोलींतील शरीर व रोग यांविषयीच्या शब्दांचा पद्धतशीर संग्रह प्रथम व्हावयास हवा.